ऑर्डर रद्द समजाव्यात

ती केस आठवली की मला आजही आधी हसू येते आणि कायद्याची कलमे नंतर आठवतात. पोलीस खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाने असे लिहिणे बरे दिसत नाही, पण खरे तेच आहे. खून, दरोडे, अपहरणे यांच्या फायली मी हाताळल्या, त्यातल्या बऱ्याच आता धूसर झाल्या आहेत. ही एक मात्र जशीच्या तशी आठवते.

माझे आजोबा गिरणीत कारकून म्हणून इंदूरला आले आणि इथलेच झाले. मी मध्य प्रदेश पोलिसांत लागलो. आमच्याकडे ठाण्याच्या प्रमुखाला टीआई म्हणतात. सेवेच्या शेवटच्या काळात मी शहराच्या पश्चिमेकडच्या एका ठाण्यात टीआई होतो. सुदामा नगर आणि आसपासच्या वसाहती आमच्या हद्दीत येत. मराठी वस्ती भरपूर. त्यामुळे ठाण्याचे कागद हिंदीत आणि फिर्यादीचे रडणे मराठीत, असा प्रकार रोजचाच.

गणपती चार-पाच दिवसांवर आले होते. सकाळी मी गणवेश घालून चहाला बसलो, तर बायको मोबाइल हातात घेऊन कपाळाला आठ्या घालून उभी होती.

"हे त्यांनी लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"कुणी?"

"नऊवारीवाल्यांनी."

मला संदर्भ लागायला वेळ लागला नाही, कारण त्या नऊवारीवाल्यांचे मेसेज आमच्या घरात रोज मोठ्याने वाचले जात. सुदामा नगरात दोन जावा शिवलेल्या नऊवाऱ्या करून विकत. दुकान नाही, पाटी नाही. घरातल्या पुढच्या खोलीत दोन मशीन आणि एक मोबाइल. थोरली शिवायची आणि बोलायची, धाकटी ते टाइप करून सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवायची. एक मेसेज मला पाठ आहे. "नमस्कार ताई. आज ऊन मस्त आहे, साड्या गच्चीवर टाकल्यात. मोतिया रंगाची एकच उरली आणि ती मलाच आवडलीय. घ्यायची तर आज सांगा, नाहीतर रविवारी मी नेसून बसते." असे मेसेज वाचून ज्यांना साडी घ्यायची नव्हती त्या बायकासुद्धा उत्तर देत. आमची सौभाग्यवती कॉलनीच्या लेझीम पथकात दाखल झाली होती आणि त्या पथकाच्या सगळ्या नऊवाऱ्या या दोघींकडेच शिवायला होत्या. गणेशोत्सवात इंदूरच्याच लालबाग राजवाड्याच्या मैदानावर त्यांचा कार्यक्रम होता.

बायकोने मोबाइल माझ्यापुढे धरला. "सर्व ग्राहकांस सूचना. घरगुती कारणास्तव शिलाईचे काम कायमचे बंद करीत आहोत. सर्व ऑर्डर रद्द समजाव्यात. कापड घेऊन जावे."

"बंद केलं असेल," मी म्हणालो. "घरगुती कारण लिहिलंय."

"अहो, ती मला मावशी म्हणते. गुडघा कसा आहे विचारते, मग साडीचं बोलते. ती मला 'ग्राहकांस' म्हणेल? हे दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय. तुम्ही पोलीस आहात ना?"

मी चहा संपवून निघालो.

ठाण्यात पोहोचलो तेव्हा दोघी बाकावर बसलेल्या होत्या. थोरली चाळिशीची, इंदूरचीच. तिच्या गळ्यात अजून मापाची टेप होती, घाईत काढायची राहिली असावी. धाकटी तिशीच्या आतली, कऱ्हाडकडून लग्न होऊन आलेली. ती खाली मान घालून बसली होती.

"साहेब जी, अपना तर सगळा धंदाच चौपट झाला, पार बुडाला," थोरली उभी राहत म्हणाली. "सकाळपासून बायका दारात उभ्या आहेत, कापड परत द्या म्हणून. मी म्हणतेय बंद नाही केलं, तर त्या मोबाइल दाखवतात. मेसेज आमच्याच नावानं. फोटोही आमचाच. और हमारे मोबाइलमें खातं उघडतच नाही."

मी दोघींना आत बोलावले, पाणी दिले आणि आमच्या सब इन्स्पेक्टर मॅडमना बोलावून घेतले. त्या माळव्यातल्याच, तरुण, सायबरचे प्रशिक्षण घेतलेल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला, "किसी को कोड बताया था?"

धाकटीने मान आणखी खाली घातली. "बाईसाहेब, काल दुपारी फोन आला. मोबाइल कंपनीतनं बोलतोय म्हणाला. तुमचं खातं बंद पडणार, आलेला कोड सांगा म्हणाला. मी भाजी फोडणीला टाकली होती. एका हातानं झाकण धरलं, दुसऱ्या हातानं मोबाइल बघून सांगून टाकला. ताईंचा काय दोष न्हाय."

"दोषाचं कोण विचारतंय," थोरली म्हणाली. "माझ्या हातात मोबाइल असता तर मीही सांगितलाच असता."

इतक्या वर्षांत मी तक्रार घेऊन येणारी कितीतरी कुटुंबे पाहिली. संकटात बहुतेक जण आधी एकमेकांवर बोट दाखवतात. या दोघी एकमेकींना पाठीशी घालत होत्या. ते पाहून मला बरे वाटले आणि मी हे प्रकरण स्वतःकडे ठेवायचे ठरवले.

गुन्हा नोंदवला. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे लावली. मॅडमनी ज्या नंबरवरून फोन आला होता त्याची माहिती मागवली आणि खाते परत मिळावे म्हणून रीतसर पत्र पाठवले. मग त्या माझ्या खोलीत आल्या.

"सर, एक बात समझ में नहीं आ रही. इसने पैसे तो मांगे ही नहीं."

मलाही तेच खटकत होते. खाते बळकावणारा चोर पहिल्या तासात गिऱ्हाइकांकडे पैसे मागतो. मला अडचण आहे, तातडीने पाठवा, असे लिहितो. इथे तसे काही नव्हते. जणू चोराने दुसऱ्याचे दुकान फोडले, आतले काहीच घेतले नाही आणि बाहेरून 'बंद' अशी पाटी लावून निघून गेला. म्हणजे त्याला पैसा नको होता. त्याला ते दुकान बंद झालेले पाहायचे होते.

असा हेतू बहुधा घरात किंवा शेजारी सापडतो. म्हणून मी थोरलीच्या नवऱ्याला बोलावले. पुढची खोली मशीन आणि कापडाने भरली म्हणून तो कुरकुर करतो, असे शेजारून कळले होते. गृहस्थ खासगी नोकरीत होता.

"तुम्हाला बायकोचा हा धंदा पसंत नाही म्हणे?"

"साहेब, कुरकुर करतो, खरं आहे. सोफा गच्चीवर गेला माझा. टीव्हीसमोर पुतळा उभा असतो साडी नेसलेला, मॅच दिसत नाही. पण बंद कशाला करीन? रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी त्या साड्यांना इस्त्री मीच करतो. आता तर हात बसलाय. आज सकाळी इस्त्रीला काहीच नव्हतं, तर सुचत नाहीये काही."

हा माणूस खोटे बोलत नव्हता. खोटे बोलणारा माणूस आपल्या इस्त्रीचे कौतुक करत बसत नाही. मी त्याला चहा पाजून घरी पाठवले.

धागा सापडला तो माझ्याच स्वयंपाकघरात. दुपारी जेवायला घरी गेलो, तर बायको त्या चोराशी गप्पा मारत होती. म्हणजे त्या बळकावलेल्या खात्यावर मेसेज पाठवत होती.

"हे काय चाललंय?"

"मी गिऱ्हाईक आहे. मला विचारायचा हक्क आहे." तिने पोळी माझ्या ताटात वाढली. "त्याला मी आधी विचारलं, ऑर्डर रद्द तर माझं कापड कधी मिळणार. उत्तर नाही. मग पथकातल्या सगळ्यांनीच विचारायला सुरुवात केली. कुणी विचारलं काठ कुठला लावला होता, कुणी विचारलं ब्लाउजचा गळा किती ठेवला. एकीलाही उत्तर नाही."

मी मनात त्या चोराची थोडी कीव केली. आमच्या लेझीम पथकाच्या तावडीत सापडणे म्हणजे गंमत नव्हे.

"मग मी जरा वेगळं विचारलं," बायको म्हणाली. "लिहिलं, भाऊ किंवा ताई, जे कुणी असाल ते. आता मला दुसरीकडे शिवायला टाकावं लागेल. लेझीम खेळायची आहे, बैठका मारायच्या आहेत. शिंप्याला काय सांगू? माझी साडी मैदानात उसवली तर तुम्ही येणार का?"

"आणि?"

"आलं उत्तर. हे बघा."

मी वाचले. मेसेज लांब होता. "लेझीम खेळायची असेल तर आसनात मियानी लावायला सांगा. ती सरळ कापडाची नको, उरेब कापलेली हवी. म्हणजे कापड ताणले तरी शिवण तुटत नाही. कमरेला हुक लावू देऊ नका, नाडी घ्या. काष्ट्याची शिवण दुहेरी मारून घ्या. घाईत कुणी इलॅस्टिक घालेल, ते घेऊ नका."

मियानी म्हणजे दोन्ही पायांच्या मध्ये, आसनाच्या शिवणीत लावलेला कापडाचा वेगळा तुकडा. आणि उरेब म्हणजे तिरपे कापलेले कापड. हे मला बायकोने समजावून सांगितले. मला त्याहून वेगळीच गोष्ट समजली होती. हा माणूस सकाळपासून गप्प बसला. धमकीला, विनवणीला, शिव्यांना त्याने उत्तर दिले नाही. पण कुणाची तरी शिलाई चुकीची होणार म्हटल्यावर त्याला राहवले नाही. हा चोर शिंपी होता, आणि चांगला शिंपी होता.

मी जेवण उरकून ठाण्यात परतलो. बायकोचा जबाब मॅडमनी घेतला, मी त्या वेळी खोलीबाहेर थांबलो. नवऱ्याने बायकोचा जबाब घेणे नियमात बसत नाही आणि प्रकृतीलाही मानवत नाही. आत बायको मॅडमना 'काष्टा' हा शब्द हिंदीत कसा लिहायचा यावर ऐकवत होती, ते बाहेर ऐकू येत होते.

मग थोरलीला बोलावले आणि तो मेसेज दाखवला. तिने एकदा वाचला. पुन्हा वाचला. नंतर मोबाइल टेबलावर उलटा ठेवला आणि पदराचे टोक डोळ्यांना लावले.

"साहेब, मला केस नाही करायची. मागे घेते."

"का?"

"बस, नाही करायची."

"ताई, गुन्हा नोंदला गेलाय. तो मी आणि तुम्ही ठरवून पुसता येत नाही. तुम्ही ओळखलंत ना?"

धाकटी तिच्या पाठीवर हात फिरवत होती.

"उरेब मियानी मीही लावत नाही," शेवटी थोरली म्हणाली. "वेळ फार लागतो, कापडही जास्त जातं. अख्ख्या इंदौरमध्ये एकच माणूस लावतो. ज्यानं मला शिवायला शिकवलं, तो."

तिने सांगितले ते असे. कापड बाजाराच्या एका गल्लीत एक मास्टरजी होते. मराठी बायकांच्या नऊवाऱ्या शिवण्यात त्यांचे नाव होते. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षे थोरली त्यांच्या दुकानात कामाला होती. सुईत दोरा ओवण्यापासून सगळे त्यांनी शिकवले. मग तिने काम सोडले. आपण स्वतःचे सुरू करतोय हे तोंडावर सांगायचा धीर तिला झाला नाही. आता घरीच बसणार, असे म्हणून ती आली.

संध्याकाळी सायबर शाखेकडून नंबरची माहितीही आली. फोन ज्या मोबाइलवरून आला होता तो एका चहाच्या टपरीवाल्याचा होता. टपरी कापड बाजाराच्या त्याच गल्लीच्या तोंडाशी. टपरीवाला म्हणाला, "साहब, दिन में दस लोग मेरा फोन मांगते हैं, किस किस को याद रखूं." त्याला आठवण्याची गरज उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्टरजींना बोलावून घेतले. साध्या कपड्यातला हवालदार पाठवला, गल्लीत चर्चा नको म्हणून. साठीच्या आसपासचा माणूस, स्वच्छ पांढरा सदरा, नाकावर चष्मा. मोबाइलचा विषय काढताच त्यांनी हात जोडले.

"साहेब, मला मोबाइलचं काय कळतं? फोन आला की उचलतो, बस. तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलं."

चौकशीच्या खोलीत आवाज चढवून कबुली मिळते, हा गैरसमज सिनेमाने पसरवला आहे. घाबरलेला माणूस काहीही कबूल करतो आणि ते कोर्टात टिकत नाही. त्यापेक्षा माणसाला त्याच्या कामाबद्दल बोलते करावे. मी मोबाइलचा विषय सोडून दिला. बायकोने आणीबाणी म्हणून बाजारातून एक तयार नऊवारी आणली होती, ती मी सकाळी पिशवीत घालून आणली होती. ती टेबलावर ठेवली.

"मास्टरजी, एक घरगुती काम आहे. मिसेसला लेझीम खेळायची आहे. ही चालेल का, जरा बघता?"

त्यांनी साडी ओढून घेतली. घडी मोडली, सरळ आतली बाजू वर केली, काष्ट्याच्या शिवणीवरून बोट फिरवले. चेहऱ्यावरची भीती पार गेली. आता तिथे नाराजी होती.

"कुणी शिवलं हे? एकेरी शिवण मारलीय. कमरेला इलॅस्टिक. मियानी तर नाहीच. पहिल्या बैठकीत उसवेल, साहेब. वहिनींची फजिती होईल मैदानात."

"मियानी सरळ कापडाची लावली तर?"

"सरळ काय कामाची? उरेब पाहिजे, उरेब. तरच ताण—"

ते थांबले. मी बायकोचा मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, आपणच लिहिलेला मेसेज वाचला आणि हळूहळू साडीची घडी घालायला लागले. पदर, काठ, सगळे जिथल्या तिथे. घडी पूर्ण झाल्यावर म्हणाले, "पाणी मिळेल का?"

पाणी प्यायल्यावर त्यांनी सगळे सांगितले.

"ती दुकान सोडून गेली त्याचं मला दुःख नव्हतं, साहेब. मुली शिकतात, जातात. पण मला खोटं सांगून गेली. घरी बसते म्हणाली. मग माझीच गिऱ्हाइकं मला तिचे मेसेज दाखवायला लागली. काय छान लिहिते, म्हणायची. माझ्याही मोबाइलवर यायचे, माझा नंबर तिच्याकडे होताच. रोज वाचायचो मी. खोटं कशाला सांगू, मलाही आवडायचे. मग एक दिवस हा आला."

त्यांनी आपला मोबाइल काढून दाखवला. जुना मेसेज होता, त्यांनी जपून ठेवलेला. "ताई, बाजारातल्या दुकानाची शिलाई चार दिवसांत उसवते. आमची नऊवारी नेसा आणि बिनधास्त फुगडी घाला."

"माझी शिलाई उसवते?" ते म्हणाले. "तिला माहीत आहे ना, ती माझ्याच दुकानात होती. आणि हा मेसेज सगळ्या इंदौरला गेला. माझ्या गिऱ्हाइकांना गेला. मला गेला."

"म्हणून खातं घेतलंत?"

"दोन दिवस बंद पाडायचं, एवढंच डोक्यात होतं. तिलाही कळू दे कसं वाटतं. मग वहिनींनी विचारलं साडी उसवली तर काय, तेव्हा वाटलं, आपण काय करून बसलो."

"आणि ही कोडची युक्ती तुम्हाला कुणी शिकवली?"

त्यांनी माझ्याकडे जरा संकोचाने पाहिले. "तुमच्याच मॅडमनी. बाजारात जनजागृतीचा कार्यक्रम झाला होता ना? चोर कसा फोन करतो, काय बोलतो, सगळं नीट समजावून सांगितलं होतं. फार छान बोलल्या."

दाराशी उभ्या असलेल्या आमच्या मॅडम छताकडे पाहू लागल्या. मी खोकल्याचा आव आणून तोंडावर रुमाल धरला.

दोघी जावा बाहेरच बसल्या होत्या. मी त्यांना आत बोलावले. थोरली दारातच थबकली. मास्टरजींनी मान फिरवली. मी तो जुना मेसेज मोठ्याने वाचला आणि विचारले, "हा कुणी लिहिला?"

धाकटी पुढे आली. तिने मास्टरजींना कधी पाहिलेही नव्हते.

"मी लिहिला, साहेब. त्या दिवशी ताई माहेरी होत्या. मला वाटलं जाहिरात अशीच करत्यात. आपलं चांगलं म्हणायचं, दुसऱ्याचं वाईट म्हणायचं. ताईंनी वाचला आन मला रागावल्यासुद्धा. पण गेला होता, परत कसा घ्यायचा?" ती मास्टरजींकडे वळली. "बाजारातलं दुकान म्हंजे माझ्या डोळ्यापुढं कुठलंच दुकान नव्हतं, मास्टरजी. तिथं कुणी माणूस बसलाय, हे ध्यानातच आलं न्हाय. माझी चूक झाली."

मास्टरजी तिच्याकडे पाहतच राहिले. इतके दिवस ज्या वाक्याने त्यांची झोप उडवली, ते त्यांच्या शिष्येने लिहिलेच नव्हते.

"मास्टरजी," थोरली म्हणाली, "एक फोन करून मला झापलं असतं तर? दुकानात कितीदा झापलंय. माझी चूक होती मी न सांगता गेली ती. पण तुमची शिलाई उसवते असं मी मरेपर्यंत नाही बोलणार."

"मग मला दिवाळीला तरी भेटायला यायचं," मास्टरजी म्हणाले. "मी वाट बघितली."

"लाज वाटत होती."

त्यावर मास्टरजींनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, "लेझीमच्या साड्या किती झाल्यात?"

"कापलेल्या सगळ्या आहेत. शिवून अर्ध्याही नाहीत."

"मियानी?"

थोरली पदराच्या काठाशी चाळा करू लागली.

"वाटलंच," मास्टरजी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम दुकानातला झाला होता. "वेळ वाचवतेस."

कायद्याचे काम कायद्याने झाले. मास्टरजींचा जबाब नोंदवला, मोबाइल जप्त केला. जप्तीआधी मॅडमनी सगळ्यांसमोर खाते धाकटीच्या मोबाइलवर परत सुरू करून दिले आणि यापुढे कोड देवालाही सांगायचा नाही, अशी तंबी दिली. गुन्हा जामीनपात्र होता. जामिनासाठी उभा राहिला तो थोरलीचा नवरा. कारण विचारल्यावर म्हणाला, "साहेब, साड्या तयार होतील तेव्हाच माझी इस्त्री सुरू होईल ना." पुढे कोर्टात दोन्ही बाजूंनी राजीनामा दिला. आमच्याकडे कोर्टातल्या तडजोडीला राजीनामाच म्हणतात. या कलमात तशी सोय आहे आणि न्यायाधीशांनी ती मान्य केली.

पण ते नंतरचे. त्या दिवशी ठाण्यातून सुटल्यावर मास्टरजी घरी गेले नाहीत. गल्लीतून आपली कात्री आणि मशीन रिक्षात घालून ते सुदामा नगरात हजर झाले. पुढच्या खोलीत तिसरे मशीन लागले. टीव्हीही गच्चीवर गेला असे ऐकतो. संध्याकाळी सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज गेला. तो पाठवण्याआधी धाकटीने थोरलीला, तिच्या नवऱ्याला आणि मास्टरजींना वाचून दाखवला होता.

"नमस्कार ताई. काल आमच्या नावानं चुकीचा मेसेज आला, तो विसरा. ऑर्डर एकही रद्द नाही. आमच्या ताईंना ज्यांनी शिवायला शिकवलं ते मास्टरजी आजपासून आमच्यासोबत बसलेत. मागे मी लिहिलं होतं की दुकानातली शिलाई उसवते. ते मी चुकीचं लिहिलं होतं, त्यांची शिलाई मी आज बघितली. ज्यांनी कापड परत नेलंय त्यांनी लवकर आणून द्या, मास्टरजी ओरडतात."

आमच्या घरी तो मेसेज मोठ्याने वाचला गेला, आणि या वेळी मी पुन्हा वाचायला सांगितला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात पुन्हा रांग लागली, ती कापड परत द्यायला आलेल्या बायकांची. मी बंदोबस्ताच्या निमित्ताने गाडी तिकडून नेली. मास्टरजी अंगणात उभे राहून एकेकीला बैठक मारून दाखवायला लावत होते आणि माप घेत होते. माझ्या बायकोला त्यांनी गुडघ्याचे विचारले.

लालबागच्या मैदानावर मी त्या दिवशी गणवेशात नव्हतो, रजा टाकून प्रेक्षकांत बसलो होतो. हिरव्या नऊवाऱ्यांतले पथक आले. ताशा कडाडला. पथकात बँकेतल्या बाई होत्या, प्राध्यापिका होत्या, नव्याने नोकरीसाठी इंदूरला आलेल्या मुली होत्या, आणि दोन्ही जावा पहिल्या रांगेत होत्या. लेझीम वर गेल्या, खाली आल्या आणि सगळ्यांनी एकदम खोल बैठक मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी मास्टरजी बसले होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. पुढे वाकून, चष्मा सावरत, प्रत्येकीची शिवण पाहत होते. शेवटच्या बैठकीनंतर ते मागे टेकून बसले आणि मोठ्याने हसले. इतका खूश झालेला आरोपी मी सेवेत दुसरा पाहिला नाही.

आता निवृत्त झाल्यावर घरगुती धंदा करणाऱ्या बायकांचे गट कधीमधी मला बोलायला बोलावतात. मोबाइलवर धंदा कसा सांभाळायचा, फसवणूक कशी टाळायची, असा विषय असतो. कोड कुणाला द्यायचा नाही, हे मी सांगतोच. ते आता सगळ्यांना पाठ आहे, चोरांनाही. त्यापुढे मी सांगतो ते या केसने मला शिकवले. दुकानात बसलेला माणूस समोरच्याचा चेहरा पाहून बोलतो. मोबाइलवर चेहरा दिसत नाही. तुम्ही शंभर जणांना म्हणून जे पाठवता ते प्रत्येक जण एकट्याने वाचतो. त्यात तुमचा शेजारी असतो, स्पर्धक असतो आणि कदाचित तुम्हाला शिकवणाराही असतो. पाठवण्याआधी त्यातल्या एकाचा तरी चेहरा डोळ्यांपुढे आणावा.

आणि माझ्या तरुण सहकाऱ्यांसाठी एक गोष्ट. पैसे मागणारा चोर पकडणे सोपे असते, कारण त्याला काय हवे ते माहीत असते. जो पैसे मागत नाही त्याच्यापाशी थोडे थांबावे. त्याला काय दुखले, ते आधी विचारावे. मी विचारले, आणि एका केसमधून एक आरोपी आणि दोन फिर्यादी बाहेर पडण्याऐवजी तीन कारागीर बाहेर पडले. पोलिसाच्या नोकरीत असे दिवस कमी येतात. आला, की तो जपून ठेवावा.